राईतलं रानजायफळ टिकवायचं तर आधी पाण्याचं बघा

सिंधुदुर्गात दोडामार्गकडच्या एका गावातून प्रश्न आला आहे. देवस्थानची दीड-दोन एकरांची ओली राई, तिच्यातून वाहणारा बारमाही व्हाळ आणि खालच्या अंगाला पोफळीच्या बागा. राईतल्या जुन्या रानजायफळांचे शेंडे गेल्या काही वर्षांपासून वाळताहेत. खाली पडलेलं बी रुजतं, पण दिवाळीपर्यंत रोपं दिसेनाशी होतात. गावाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत: राईच्या वर सिमेंटचा बंधारा बांधून पाणी अडवायचं, आणि येत्या जुलैत राईत दोनशे रोपं लावायची. रोपं कशी तयार करायची हे विचारलं आहे. पडलेल्या फळांची रामपत्री, म्हणजे बियांवरचं वेष्टण, गोळा करून विकली तर चालेल का, असंही विचारलं आहे.

बंधारा बांधू नका. दोनशे रोपं या वर्षी लावू नका. येत्या उन्हाळ्यात राईतलं पाणी मोजा आणि राईच्या वरून निघालेले सगळे पाइप शोधून काढा. एवढं केलंत तर पुढच्या पावसाळ्यात किती रोपं लागतील हे राईच सांगेल, आणि तो आकडा बहुधा दोनशेच्या खूप खाली असेल.

आता कारणं. सुरुवात झाडाच्या ओळखीपासून करावी लागेल, कारण उपाय झाडावर अवलंबून आहे. 'रानजायफळ' या एकाच नावाखाली तुमच्या भागात निदान तीन झाडं येतात. तिन्ही जायफळाच्या कुळातली, आणि तिघांचीही कोवळी फांदी मोडली की लालसर चीक येतो. ओळखीसाठी म्हणून खोडावर कोयता मारायची पद्धत सोडा. त्या घावातून बुरशी आणि भुंगेरे आत शिरतात. काडी मोडून बघितली की पुरे.

पहिलं मायरिस्टिका मॅग्निफिका. पानं फार मोठी, ३०-४० सेंमी किंवा त्याहूनही लांब. खोडाच्या तळातून बाहेर पडून चिखलात उतरणारी आधारमुळं. हे झाड पाणथळ सोडून सहसा कुठे वाढत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते संकटग्रस्त आहे. दुसरं मायरिस्टिका मलबारिका, म्हणजे बाजारातल्या रामपत्रीचं झाड. पान त्याच्या निम्म्याने, साधारण १० ते २० सेंमी, खालून फिकट पांढुरकं. ते दलदलीतही वाढतं आणि व्हाळाच्या काठाने साध्या ओलसर जमिनीतही. लाल यादीत ते असुरक्षित गटात आहे. तिसरं नेमा ॲटेन्युएटा. झाड लहान, पानाची खालची बाजू पांढुरकी, फळावर गंजाच्या रंगाची लव, बियांवरचं पत्रीचं वेष्टण गर्द लाल. ते उताराच्या जंगलातही भेटतं, त्याची काळजी तुलनेने कमी. तुमच्या राईत मोठ्या पानांचं, आधारमुळांचं झाड असेल तर खाली लिहिलेलं सगळं काटेकोरपणे पाळा. रामपत्रीचं झाड असेल तर लागवडीत थोडी सूट मिळते, पाण्याच्या बाबतीत मात्र नाही.

अशी झाडं असलेल्या दलदलीला वनस्पतिशास्त्रात 'मायरिस्टिका दलदल' म्हणतात. भारतातली अशी पहिली नोंद १९६० साली त्रावणकोर भागातून झाली, आणि चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८ च्या वनवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळालं. केरळात कुळत्तुपुळा, अंचल, शेंदुर्णी या भागात साठेक तुकडे आहेत. सगळे मिळून क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यातलं कत्तलेकान प्रसिद्ध आहे. बिब्ब्याच्या जातीचं एक वेगळं झाड, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस, तिथूनच २००० साली जगापुढे आलं. गोव्यात सत्तरी तालुक्यातली बांबरची निरंकाराची राय आहे. आणि महाराष्ट्रात, तुमच्याच तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे इथली भालांडेश्वराची राई. तिथे मायरिस्टिका मॅग्निफिका आहे. २.५९ हेक्टरांचं ते क्षेत्र २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. हे झाड ज्या पट्ट्यात उरलं आहे त्याचं अगदी उत्तरेकडचं टोक तुमच्या शिवारात आहे. टोकावरच्या झाडांना पावसाळ्यानंतरचा कोरडा काळ दक्षिणेपेक्षा जास्त सोसावा लागतो. केरळात दोन पावसाळे मिळतात, कोकणात ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत आभाळाचा भरवसा नाही. त्या सात-आठ महिन्यांत झाड जगतं ते फक्त झऱ्यावर.

आता मुळांकडे या. या राईत वाकून बघितलं की चिखलातून वर येऊन पुन्हा चिखलात शिरलेली मुळं दिसतात, दुमडलेल्या गुडघ्यासारखी, कुठे वीतभर उंच तर कुठे हातभर. त्यांच्या सालीवर बारीक खरखरीत पुटकुळ्या असतात. त्यांतून हवा आत जाते. खालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, कारण कुजणाऱ्या पाल्यावरचे जिवाणू तो संपवून टाकतात. झाड ही हवा उघड्या मुळांतून घेतं आणि आतल्या पोकळ्यांतून खाली पोचवतं. म्हणून या झाडाच्या तीन गरजा एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: मुळं ओल्यात हवीत, गुडघे उघडे हवेत आणि पाणी चालतं हवं. यातली एकही हुकली तर झाड लगेच मरत नाही. शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि ते वाळणं दिसेपर्यंत खाली बिघाड होऊन काही वर्षं गेलेली असतात.

बंधाऱ्याला विरोध याचसाठी. राईच्या वर बंधारा घातला की ऑक्टोबरनंतर झऱ्याचं पाणी आधी त्या बंधाऱ्यात भरतं, आणि राईला मिळतं ते उरलंसुरलं. मार्चमध्ये तेही थांबतं. गाळ बंधाऱ्यामागे अडकतो आणि पावसाळ्यात सांडव्यावरून उडी मारून येणारं पाणी राईतला मऊ थर खरवडून नेतं. बंधारा राईच्या खाली घातला तर पाणी मागे फुगतं, साचतं आणि गुडघे महिनोन् महिने बुडून राहतात. पावसाळ्यात दोन-चार दिवस बुडणं झाडाला चालतं. साचलेल्या पाण्यात कायम उभं राहणं चालत नाही. गावाला बंधारा हवाच असेल तर राईचा व्हाळ सोडून दुसरा ओहोळ निवडा, किंवा राईपासून पुरेसं खाली जा आणि भरलेल्या पाण्याची पातळी राईच्या सर्वांत खालच्या मुळापेक्षा खाली राहील हे लेव्हल लावून बघा. नुसत्या नजरेने पातळी ठरवू नका.

शेंडे का वाळताहेत हे शोधायला मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात राईत जा. प्रत्येक मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून तीन-चार मीटरच्या आतले गुडघे बघा. अंगठ्याने दाबा. घट्ट आणि किंचित ओलसर लागले तर ते जिवंत आहेत. साल सुटत असेल, आत पोकळ वाटत असेल तर मुळं कोरडी पडली आहेत. गुडघे दिसतच नसतील आणि जमीन सपाट, मऊ, पिवळट मातीची असेल तर ते गाळाखाली गाडले गेले आहेत. या दोन बिघाडांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून ही फेरी चुकवू नका. आणखी एक: पाण्यावर तेलकट तवंग आणि काठाला नारिंगी गाळ दिसला तर घाबरू नका. काडीने तवंग मोडा. त्याचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते परत जुळले नाहीत, तर तो लोहजिवाणूंचा थर आहे. जांभ्या दगडाच्या झऱ्यावर तो नेहमीचा असतो. परत एकजीव झाला तर खरोखर तेल आहे, आणि वर कुठेतरी पंप किंवा जेसीबी उभा आहे.

मग पाणी मोजा. राईच्या वरच्या तोंडाला जिथे व्हाळ अरुंद होतो तिथे केळीचा सोप किंवा पत्र्याची पन्हळ लावून सगळं पाणी एका धारेत आणा. १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. असंच राईच्या खालच्या तोंडाला करा. डिसेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी हे दोन आकडे वहीत लिहा. जवळच एक पक्की खुंटी ठोकून तिच्यावर पाण्याच्या पातळीची खूण करा. यासाठी कोणताही तज्ज्ञ लागत नाही, शाळेतली मुलं हे काम उत्तम करतात.

आता पाइप. तुमच्या भागात झऱ्याच्या तोंडाला पाइप लावून उताराने पाणी बागेत आणायची पद्धत आहे, आणि बहुतेक पाइप रात्रंदिवस चालू असतात. हिशेब करून बघा. एका पाइपने १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरत असेल तर तो दिवसाला ४३,२०० लिटर पाणी नेतो. पोफळीला ठिबकने उन्हाळ्यात दिवसाला साधारण १६ ते २० लिटर पुरतात. म्हणजे ५०० पोफळींना १०,००० लिटर. बाकीचे तेहतीस हजार लिटर पाटातून, आळ्यातून आणि भरून वाहणाऱ्या टाकीतून वाया जातात. राईचं पाणी बागेने खाल्लं असं गावात म्हणतात, पण बागेला त्यातलं पाव पाणीही लागत नाही. ते खातो तो उघडा पाइप.

इथे दोन कामं करा. पहिलं, टाकीला बॉलकॉक बसवा आणि बाग ठिबकवर न्या. टाकी भरली की पाइप बंद होतो आणि झऱ्याचं पाणी व्हाळातच राहतं. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं, पाइपचं तोंड राईच्या वरून काढून राईच्या खाली लावा. पाणी आधी राईतून जाऊ दे, मग बागेत जाऊ दे. बाग राईच्या खालीच असल्याने उतार थोडा कमी मिळतो, एवढंच. दाब कमी पडला तर पाइप एक माप मोठा घ्या. पाण्यात पाला येतो म्हणून लोक राईखालून पाणी घ्यायला नाखूश असतात. त्यासाठी तोंडाला जाळीचा डबा आणि ठिबकच्या आधी गाळणी लावली की काम होतं. बागायतदारांशी बोलताना झाडांचं संकट सांगण्याआधी हा हिशेब मांडा. त्यांचं पाणी कमी होत नाही हे आकड्यांत दिसलं की बोलणं सोपं जातं. मे महिन्यात राईच्या खालच्या तोंडाला धार चालू राहिली पाहिजे, मग ती करंगळीएवढी का असेना. बाकीची वाटणी या अटीच्या आत बसवा.

गुडघे गाळात गेले असतील तर गाळ कुठून येतो ते बघा. बहुतेक वेळा वरच्या उतारावर काजूसाठी किंवा रबरासाठी जेसीबीने पायऱ्या पाडलेल्या असतात, नाहीतर नवा रस्ता कापलेला असतो. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातली वृक्षतोड तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली थांबवली होती. उतार एकदा उघडा पडला की पहिल्या दोन पावसाळ्यांतच सर्वाधिक माती येते. राईच्या बाहेर, माती जिथून निघते तिथे, काटक्या आणि दगड रचून लहान लहान अडसर घाला, उताराला आडवे. राईच्या आत असलं काहीही घालू नका. व्हाळाच्या दोन्ही अंगांना आणि वर निदान तीसेक मीटर झाडोरा न तोडता ठेवा. गाळ येणं थांबल्याची खात्री झाल्यावरच गुडघ्यांभोवतीची माती काढायला घ्या, तीही हातांनी किंवा करवंटीने, फेब्रुवारीत, आणि घमेल्यात भरून राईबाहेर टाकायची. कुदळ-फावड्याने काढलीत तर जे वाचवायला निघालात तेच तोडाल. खोडाभोवती फूट-दीड फूट गाळ चढला असेल तर एका वर्षात सगळा काढू नका. दोन-तीन हंगामांत काढा, म्हणजे गाडलेली साल हळूहळू उघड्या हवेला सरावते.

पाणी आणि गाळ हाताळल्याशिवाय लावलेली रोपं टिकत नाहीत. आत्तापर्यंत तुमच्या राईत आपसूक रुजलेली हजारो रोपं ज्या कारणाने गेली त्याच कारणाने ही दोनशेही जातील.

रोपांचं आता सविस्तर. या झाडांचं बी साठवता येत नाही. वाळलं की मेलं. भाताचं किंवा भाजीचं बी सावलीत वाळवून ठेवायची सवय इथे घात करते. फळ तडकून बी खाली पडल्यापासून पेरणीपर्यंत दोन-तीन दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. फळ पिकण्याचा काळ जागेनुसार मागेपुढे होतो, म्हणून फळं धरलेली मादी झाडं आधी हेरून ठेवा आणि मार्चअखेरपासून दर चार दिवसांनी त्यांच्याखाली फेरी मारा. मादी झाडं म्हणायचं कारण असं की यांच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. फळ फक्त मादीला. नराला 'वांझ' समजून तोडलं तर पुढच्या वर्षी मादीलाही फळ धरणार नाही.

झाडावरचं हिरवं फळ पाडू नका, अपक्व बी रुजत नाही. तडकलेल्या फळातलं किंवा नुकतंच पडलेलं बी घ्या. हाताला जड लागलं पाहिजे. पाण्याच्या बादलीत टाका, तरंगणारं सोडून द्या. बियांवरची पत्री त्याच दिवशी सोलून काढा. ती राहिली की सडते, बुरशी धरते आणि मुंग्या येतात. जंगलात हे काम धनेश करतात. माडगरुड, ककणेर असे मोठे पक्षी बी गिळतात, पत्री पचवतात आणि स्वच्छ बी मादीझाडापासून दूर कुठेतरी ओकून टाकतात. झाडाखाली दाटीने रुजलेली रोपं पुढे टिकत नाहीत त्यामागे हेही एक कारण आहे: बी दूर नेणारे पक्षी कमी झाले. बी लांब न्यायचं असेल तर ओल्या नारळाच्या भुशात किंवा ओल्या शेवाळात गुंडाळून न्या. बंद प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवलेलं बी एका दुपारीत शिजतं.

पेरणीसाठी मांडवाखाली वाफा करा, ७० ते ७५ टक्के सावलीची जाळी किंवा पोफळीच्या झापांचं छप्पर. निम्मी वाळू, निम्मा कुजलेला पाला. बी आडवं ठेवून दोन सेंटीमीटर झाका. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. वाफा कधीही कोरडा पडता कामा नये, पण पेरणीच्या वाफ्यात पाणी तुंबूही देऊ नका. रुजणं सावकाश असतं. लागवडीच्या जायफळाला ४० ते ९० दिवस लागतात, हीच फूटपट्टी इथेही धरा. महिनाभराने काही दिसलं नाही म्हणून लोक वाफा उकरतात आणि नुकतंच फुटलेलं मूळ मोडतात. तीन महिने हात लावू नका. उंदीर हा सर्वांत मोठा शत्रू, त्यामुळे वाफ्यावर अर्ध्या इंची तारेची जाळी हवीच.

रोपाला पहिली दोन पानं पक्की झाली की पिशवीत हलवा. सोटमूळ लांब जातं, म्हणून पिशवी उंच घ्या, निदान ८ बाय १२ इंची. दोन भाग व्हाळाकाठची गाळमाती, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत. ताजं शेण आणि युरिया दोन्ही टाळा. मोठ्या पानांच्या दलदली झाडासाठी पिशव्या उथळ ट्रेमध्ये ठेवून तळाला बोटभर पाणी राहू द्या आणि ते दर दोन-तीन दिवसांनी बदला. रामपत्रीला याची गरज नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात सावली हळूहळू ५० टक्क्यांवर आणा. दीड वर्षाचं, दोन फुटांच्या आसपासचं, करंगळीएवढ्या जाड खोडाचं रोप लावायला योग्य. रोपवाटिकेतून आणलेली रोपं घेणार असाल तर बी कुठल्या राईतलं आहे ते विचारा. केरळातून आलेली रोपं इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कशी टिकतील याचा भरवसा नाही, शिवाय आपल्या टोकाच्या झाडांचा वेगळेपणा त्यांच्या सरमिसळीने हरवतो. 'जायफळ' म्हणून विकायला ठेवलेलं कलम तर मुळीच आणू नका. कोकण सुगंधा किंवा कोकण स्वाद ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बागायती जायफळं आहेत, बागेत लावा, राईत नाही.

दुसरा मार्ग आपसूक रुजलेली रोपं उचलण्याचा. मादीझाडाखाली दाटीने आलेली रोपं ऑगस्टमध्ये, दोन-चार पानांवर असताना, मातीच्या गोळ्यासकट काढा. दहातलं एकच काढायचं. मोठी झालेली रोपं काढलीत तर सोटमूळ तुटतं. यासाठी देवस्थान आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची संमती घ्या. जागा वनखात्याची असेल तर त्यांची लेखी परवानगी लागते.

लागवड जूनअखेर ते जुलैत, पण मुख्य प्रवाहात कधीही नाही. पुराने पहिल्याच आठवड्यात रोप जातं. व्हाळाच्या बाजूचे जरा उंच चिखलट उंचवटे शोधा, जिथे पावसाळ्यात पाणी घोट्यापर्यंत येतं आणि मे महिन्यात माती दाबली की ओल लागते. वरचं छत्र मोडून थोडा उजेड आला आहे अशा जागा उत्तम. पूर्ण उन्हात पानं करपतात, गर्द अंधारात रोप वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. पिशवीएवढाच खड्डा घ्या. वनमहोत्सवाचा दोन बाय दोन फुटी खड्डा इथे नको, तो शेजारच्या झाडांची मुळं तोडतो आणि त्यात पाणी साचतं. रोपाची मान जमिनीच्या पातळीला ठेवा, तिच्यावर माती चढवू नका. बांबूची काठी वरच्या प्रवाहाच्या अंगाला ठोका, म्हणजे वाहत येणारा पालापाचोळा काठीला अडतो. रोपं एकेकटी विखरून लावू नका. तीन-चार मीटर अंतराने पाच-सहाचे घोळके करा. नर-मादी फुलल्याशिवाय कळत नाही, आणि परागीभवन बारीक कीटकांकडून होतं, ते लांबवर जात नाहीत. एकटं लावलेलं मादीझाड जन्मभर फळाविना राहू शकतं.

दीड-दोन एकरांत, आहेत ती झाडं धरून, असे पाच-सहा घोळके म्हणजे ३० रोपं पहिल्या वर्षी भरपूर झाली. उरलेला हुरूप राईच्या कडेला वापरा. तिथे सुरंगी, सीतेचा अशोक, जांभूळ, भेरली माड, रातांबा यांची दाट पट्टी लावा. ती वारा आणि ऊन अडवते, धनेशांना खाऊ देते आणि काजूच्या बागेत पाचोळा जाळताना सुटणाऱ्या आगीपासून राई वाचवते. आगपट्टी, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, मात्र डिसेंबरातच साफ करा. दर ऑक्टोबरात रोपांवर अडकलेला पाला काढा, वेली सोडवा. गुरं आत येत असतील तर दोन वर्षं कुंपण घाला, कारण खुरांनी चिखल घट्ट होतो आणि कोवळे गुडघे चिरडतात.

देवळाचं सुशोभीकरण हा विषय प्रश्नात नव्हता, पण अशा राया आजकाल त्यानेच जास्त बिघडतात. देवाभोवती काँक्रीटचा चौथरा, व्हाळाला दोन्ही बाजूंनी चिऱ्याची भिंत, पेव्हर ब्लॉकची वाट. यातलं प्रत्येक काम झऱ्याची जागा बंद करतं. वाट हवी तर लाकडी खांबांवर फळ्यांची, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पावसाळ्यात काढता येईल अशी करा.

कायद्याचं म्हणाल तर हेवाळे-बांबर्डेची वाट तुमच्यासमोर आहे. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून वारसा स्थळ जाहीर करतं. जमीन देवस्थानचीच राहते, जत्रा, कौल, पूजाअर्चा चालू राहते. गावाने स्वतःहून मान्य केलेल्या नियमांपलीकडे रीतिरिवाजांवर बंधन येत नाही. मानकऱ्यांना आणि गावकारांना हे आधी स्पष्ट सांगा, कारण 'सरकार राई घेणार' ही भीती पसरली की काम अडतं. सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने करा. लोकजैवविविधता नोंदवहीत राईची हद्द, झाडांची यादी, झऱ्यांची ठिकाणं आणि वर सांगितलेले पाण्याचे आकडे लिहा. दोन उन्हाळ्यांच्या मोजणीची वही जोडलेला प्रस्ताव नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवलात तर त्याला वजन येतं.

शेवटी रामपत्री. घरच्या मसाल्यात पडणारी रामपत्री मायरिस्टिका मलबारिकाच्या बियांवरची असते. व्यापारात तिला 'बॉम्बे मेस' म्हणतात आणि जायपत्रीत भेसळीलाही ती वापरली जाते. भाव चढला की लोक कच्ची फळं काठीने पाडतात, फांद्याच तोडतात, आणि पत्री काढून बी उन्हात फेकून देतात. झाडाला अपाय होतो तो यातून. पडलेल्या फळांवरची पत्री तुम्ही जरूर घ्या, तीन अटींवर. झाडावरचं एकही फळ पाडायचं नाही. पडलेल्यांपैकी निम्मी फळं तशीच, हात न लावता सोडायची, ती पक्ष्यांची आणि राईची. आणि पत्री काढलेलं प्रत्येक बी त्याच संध्याकाळी वाफ्यात पेरायचं, किंवा राईच्या ओल्या कडेला, मादीझाडापासून निदान वीस-पंचवीस पावलांवर, पाल्याखाली बोटभर खोल दाबायचं. राईत मोठ्या पानांचं मायरिस्टिका मॅग्निफिका असेल तर त्याच्या फळांना विक्रीसाठी हात लावू नका, त्याचं सगळं बी रोपांसाठी ठेवा.